पाहुण्याची सवलत

डबी उघडली आणि आत काहीच नव्हतं.

निळ्या मखमलीत कुड्या बसवायचे दोन खळगे तेवढे होते. सहानानं डबी उलटी करून पाहिली, मग पिशवी झटकून पाहिली. पाटावर ठेवलेल्या अम्माच्या फोटोकडं तिची नजर गेली आणि तिला रडू कोसळलं.

चेन्नईच्या वेलचेरीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सकाळपासून सुवासिनी पूजेची धांदल होती. सत्यनारायणरावांच्या पत्नी जयंतीबाई उन्हाळ्याच्या तोंडावर गेल्या. वर्षाच्या आत घरात मंगलकार्य व्हावं म्हणून मुलीचं, सहानाचं, लग्न श्रावणातच धरलं होतं. या तंजावरी मराठी घराण्याची एक रीत होती. लग्नासाठी घेतलेला नवा दागिना आधी घरातून गेलेल्या सवाष्णीपुढं उघडायचा. तोवर तो कुणी पाहायचा नाही, ज्याच्या कानात जायचा त्यानंही नाही. म्हणून गिरिधरनं सिंगापूरहून बहिणीसाठी आणलेल्या हिऱ्याच्या कुड्या परवापासून दुकानाच्या बंद पिशवीतच, अम्माच्या कपाटात होत्या.

आता पिशवीवरचं लाल सील कापलेलं होतं. कापून पुन्हा नीट दाबून बसवलेलं होतं, म्हणून पूजेला काढताना कुणाच्या लक्षात आलं नाही.

"कपाटाची किल्ली कुणाकडं असते?" जमलेल्या सवाष्णींतल्या अर्चनामामींनी विचारलं. त्यांना उत्तर ठाऊक होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा त्यांचा जुना लौकिक. "घरात परकं माणूस ठेवलं की असंच होतंय, सत्यू."

सगळ्यांच्या नजरा स्वयंपाकघराच्या दाराकडं वळल्या. तिथं इरा उभी होती, हातात पायसाचं भांडं घेऊन. सोलापूरची मुलगी. इथल्या आयटी कंपनीत नोकरीला, या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. जयंतीबाईंच्या आजारपणात तिनं त्यांना न्हाऊमाखू घातलं होतं, भरवलं होतं. किल्ली जयंतीबाईंनीच तिला दिली होती आणि त्या गेल्यावर कुणी परत मागितली नव्हती.

"पोलिसांना बोलावतों," सत्यनारायणराव म्हणाले.

"नको अप्पा!" गिरिधर पटकन पुढं आला. "लग्नघरात पोलीस नको. जाऊ दे, मी दुसऱ्या आणीन."

"सरि, बरं. पोलीस नको. पण संध्याकाळच्या आत या पोरीनं खोली सोडायची."

इरानं भांडं खाली ठेवलं. ती काही बोलली नाही. आणि गिरिधर, ज्यानं आत्ताच एवढ्या तत्परतेनं तोंड उघडलं होतं, तोही पुढं काही बोलला नाही.

ही दुसरी गोष्ट एकाच माणसानं टिपली. सत्यनारायणरावांची धाकटी बहीण, भवानीबाई. चेन्नईच्या विमानतळावर कस्टम्सची अधिकारी म्हणून त्यांची नोकरी झाली होती. जन्म लोकांच्या बॅगा उघडण्यात गेला. बॅगेच्या आधी माणूस उघडतो, फक्त गप्प बसून पाहत राहावं लागतं, असं त्या म्हणायच्या. आता निवृत्त झाल्या होत्या, पण खोड गेली नव्हती.

"अण्णा," त्या उठून म्हणाल्या, "जयंतीचं पान अजून वाढलं नाही. ते वाढेपर्यंत मज वेळ दे. त्या आधी या पोरीला कुणी बोट लावायचं नाही."

फोटोपुढं केळीचं पान मांडलेलं होतं. पंगत थांबली.

भवानीबाईंनी पिशवी खिडकीशी नेली. सील कात्रीनं, घाई न करता कापलेलं होतं. नेहमीचा चोर पिशवी घेऊन पळतो, नाहीतर फाडून टाकतो. पुन्हा चिकटवून, कपाट बंद करून, किल्ली जागच्या जागी पोचवणारा चोर त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता.

"गिरी, इकडं ये."

गिरिधर आला. फार वाळला होता. सिंगापुरातल्या हॉटेलांचं जेवण मानवत नाही, असं तो सांगायचा.

"या पिशवीला सील कुणी लावलं?"

"दुकानदारानं. मीच सांगितलं त्याला, आमच्यात आधी उघडत नाहीत म्हणून. माझ्या डोळ्यांदेखत बांधून दिलं."

"मग?"

"मग काय? तशीच्या तशी आणली आणि अप्पांच्या हातात दिली. मधे कुणी हात लावला नाही, आत्या."

"वाटेत बॅग कुठं राहिली होती?"

"हातातच होती. झोपलोंसुद्धा नाही."

भवानीबाईंनी मान हलवली. काहीतरी खटकलं, पण काय ते लगेच सापडेना. टेबलावर गिरिधरनं आणलेल्या चॉकलेटचा डबा होता. त्यांनी तो सहज उचलला. बूड बोटांना चिकट लागलं. कुणीतरी खरवडून काढलेल्या कागदाचा डिंक होता. त्यांनी पदराला बोटं पुसली.

"किती छान चॉकलेटं आहेत की," सत्यनारायणराव मागून म्हणाले. एवढ्या दुःखातही लेकाची गोष्ट निघाली की त्यांचा चेहरा उजळायचा. "कुड्यांवरचा टॅक्स परत मिळाला ना, त्यातून घेतलीं त्यानं. मी फोनवर बजावलंच होतं. आपले शेजारचे राघोत्तमराव सहलीला गेले, घड्याळ घेतलं, येताना विमानतळावर टॅक्स परत घेतला. अजून सांगूलागलेत वर्षभर! मी म्हटलं, गिरी, तू सोडूं नकोस हं. आणि सोडला नाही त्यानं. तिथल्या ऑफिसरनं कुड्या हातात घेऊन पाहिल्या म्हणे. म्हणाला, बहिणीला शोभतील."

गिरिधर खाली पाहत होता.

"होय की," भवानीबाई म्हणाल्या. त्यांना काय खटकलं होतं ते आता कळलं होतं. त्या तिथून उठून मागच्या खोलीत गेल्या.

इरा बॅग भरत होती. जायला सांगितलं तर निघायचं, विनवण्या करायच्या नाहीत, असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. तिची ही तऱ्हा पाहून भवानीबाईंनी दार लोटून घेतलं.

"बस गं. किल्ली तुझ्याकडंच का राहिली?"

"मावशींनी दिली होती. त्या शेवटच्या संध्याकाळी. म्हणाल्या, सहाना चाव्या हरवते, तू ठेव." तिनं डोळे पुसले. "त्याच संध्याकाळी गिरिधरदादांचा फोन आला होता. मीच मोबाइल त्यांच्या कानाशी धरला. दादा म्हणाले, पहिल्या विमानानं निघतो. फोन ठेवला आणि मावशी वेगळंच बोलायला लागल्या. गिरी बीचवर उभा आहे, म्हणाल्या. जेवलेला नाही. त्याला घरी आणा. तीनदा म्हणाल्या, आत्या."

भवानीबाईंना ते आठवत होतं. त्या वेळी त्या उशाशी होत्या. गिरी लहान असताना जयंती त्याला दर रविवारी मरीना बीचवर न्यायची, हातात सुंडलचा, उकडलेल्या चण्यांचा, पुडा द्यायची. शेवटी माणूस मागं मागं जातं, असं म्हणून सगळ्यांनी डोळे टिपले होते. जयंती त्यानंतर बोलली नाही. पहाट होईपर्यंत दाराकडं बघत राहिली आणि तशीच गेली.

गिरिधर उजाडल्यावर आला. त्याला आणायला भवानीबाईच विमानतळावर गेल्या होत्या. सिंगापूरचं विमान उतरलं, माणसं बाहेर यायला लागली. त्या कठड्याला रेलून दारावर डोळे लावून उभ्या होत्या. तरी तो कधी बाहेर पडला ते त्यांना दिसलं नाही. मागून खांद्यावर हात पडला, वळून पाहिलं तर गिरी. डोळ्यांत पाणी होतं म्हणून चुकला असेल, असं त्यांना वाटलं होतं.

"इरा, काल संध्याकाळपासून किल्ली कुणाला दिलीस?"

अळीमिळी गुपचिळी.

"अगं, तुझ्या माथी चोरी येते आहे. नोकरीच्या ठिकाणी कळलं तर? घरी आईवडिलांना काय सांगशील?"

"मला ठाऊक आहे."

"मग बोल."

"आत्या, आज उजाडताना मी पाहिलं ते पाहायला नको होतं. मावशींच्या साड्या बघायच्या म्हणून किल्ली मागून नेली होती. कपाट उघडं होतं. मावशींच्या साडीत तोंड खुपसून ते रडत होते. माणूस असं रडतं ते चव्हाट्यावर मांडायचं नसतं. आणि ते काही चोरी करणार नाहीत. त्यांच्यावर आळ घेण्यापेक्षा मी गेलेली बरी."

"ते, म्हणजे कोण?"

इरानं बॅगेची चेन ओढली. यापुढं ती बोलणार नव्हती.

घरात रात्री मुक्कामाला पुरुष दोनच होते. एक सत्यनारायणराव आणि एक गिरिधर. अण्णा? भवानीबाई क्षणभर दारातच थांबल्या. अण्णांना कुणी फसवलं, काही देणं झालं, म्हणून त्यांनी स्वतःच... पण अण्णांना जयंतीचं कपाट उघडायला इराची परवानगी कशाला लागेल? आणि खोटं बोलले की त्यांचे कान लाल होतात, हे लहानपणापासूनचं. आज ते लाल नव्हते. उरला एकच, आणि त्यानंच तर कुड्या आणल्या होत्या. आपणच आणलेली वस्तू माणूस कशाला चोरेल?

गॅलरीत अरुण एकटा उभा होता. सहानाचा होणारा नवरा, साताऱ्याचा, चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. सासरच्या भानगडीत जावयानं नाक खुपसू नये म्हणून बिचारा बाहेर येऊन थांबला होता.

"अरुण, तुम्हीही मागं सिंगापूरला गेला होता ना?"

"हो आत्या, ट्रेनिंगला. का?"

"ते टॅक्स परत मिळायचं काय असतं? अण्णा सांगत होते."

"सोपं आहे. आपण दुकानात पासपोर्ट दाखवून वस्तू घ्यायची. देश सोडताना विमानतळावर यंत्रात नोंद करायची, टॅक्स परत. मी घड्याळ घेतलं होतं." तो हसला. "माझा मित्र देवेश तिथं नोकरीला आहे. त्यानंही तसलंच घेतलं, सुट्टीवर माझ्याबरोबरच येत होता. मला पैसे मिळाले, त्याला नाही. वाटभर तोंड पाडून बसला होता."

"त्याला का नाही?"

"तो तिथला रहिवासी ना! वर्क पासवर आहे. ही सवलत पाहुण्याला, राहणाऱ्याला नाही."

भवानीबाईंनी कठडा धरला.

"आणि वस्तू दाखवावी लागते?"

"सगळ्यांना नाही. मला दाखवायला लावली. बांधलेला खोका फोडून दाखवला, तेव्हा सोडलं."

"सील केलेली पिशवी असती तर?"

"उघडावीच लागली असती. बंद पिशवीत काय आहे ते ऑफिसरला कसं दिसणार?" तो जरा घुटमळला. "आत्या, एक विचारू? गिरिधरदादा मागं कधी श्रीपेरुंबुदूरला होते का? मला सारखं वाटतं, यांना कुठंतरी पाहिलंय. त्यांना म्हटलं तर म्हणाले, फोटोत पाहिलं असेल."

"तुम्हाला कुठं पाहिल्यासारखं वाटतं?"

"आठवत नाही. सकाळी सिग्नलला कंपन्यांच्या बसगाड्या शेजारी शेजारी थांबतात ना, तसल्या एखाद्या खिडकीत... पण छे, ते कसे असतील?"

गॅलरीत ऊन आलं होतं. खाली शेअर रिक्षावाले गिऱ्हाइकांना हाका मारत होते. भवानीबाई तिथंच स्टुलावर बसल्या आणि त्यांना रडू आलं. अरुण गोंधळून आत पाणी आणायला गेला. तो पाणी घेऊन येईपर्यंत त्यांनी तोंड पुसलं होतं. एवढी नोकरी केली, पण गुन्हेगार सापडला म्हणून रडायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

त्यांनी गिरिधरला बाजूला घेतलं.

"गिरी, तू बोलतोस की मी बोलूं?"

"काय, आत्या?"

"आळ सगळ्यांदेखत आलाय. तो सगळ्यांदेखतच उतरायला हवा. तूच बोललास तर बरं दिसेल."

तो भिंतीकडं पाहत राहिला. "आज नको. लग्न होऊ दे. पाया पडतों."

"आणि तोवर त्या पोरीनं चोर म्हणून जायचं?"

भवानीबाई मागं वळल्या आणि फोटोसमोर, त्या रिकाम्या पानाशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"इरा, बाहेर ये. सगळे बसा. कुड्यांची चोरी झालेली नाही."

"म्हणजे सापडल्या?" सहाना उठली.

"सापडायला असाव्या लागतात. या डबीत कुड्या कधी नव्हत्याच."

अर्चनामामींनी तोंड उघडलं आणि भवानीबाईंची नजर पाहून मिटलं.

"गिरी म्हणाला, दुकानदारानं सील लावल्यावर पिशवीला कुणी हात लावला नाही. गिरीनंच सांगितलं, विमानतळावर ऑफिसरनं कुड्या हातात घेऊन पाहिल्या. दोन्ही खरं कसं असेल? कुड्या पाहायच्या तर सील तुटणार. सील शाबूत तर कुड्या कुणी पाहिल्या नाहीत. मी म्हटलं, पोरानं बापाला खूश करायला टॅक्सची गोष्ट रचली असेल. एवढंच असतं तर सोडून दिलं असतं." त्यांनी श्वास घेतला. "पण तो टॅक्स कुणाला परत मिळतो? पाहुण्याला. तिथं नोकरी करून राहणाऱ्याला नाही. अरुणरावांच्या मित्राला मिळाला नाही. गिरी तिथं इतकी वर्षं राहिला, त्याला हे ठाऊक नसेल? म्हणजे एकतर त्यानं टॅक्स परत घेतला नाही, किंवा तो तिथं राहत नाही. मला वाटलं, यातलं एकच असेल. दोन्ही निघालं."

"काय बोलूलागलीस, भवानी?" सत्यनारायणराव उभे राहिले.

"ही चॉकलेटं इथल्या बर्मा बाजारातली आहेत, अण्णा. बाहेरचा माल इथं विकायचा तर आणणाऱ्याच्या नावाचा कागद डकवावा लागतो. तो खरवडलाय, डिंक राहिलाय. आज उजाडताना त्यानं इराकडून किल्ली मागून घेतली, अम्माच्या साड्या बघतों म्हणून. सील कापलं आणि पुन्हा बसवलं. रिकामी डबी तुमच्यापुढं उघडण्याआधी तिच्यातून काहीतरी चोरीला जायला हवं होतं. इरानं त्याला तिथं रडताना पाहिलं म्हणून ती गप्प राहिली. ज्याचं रडणं तिनं झाकलं, त्यानं तिला चोर होऊ दिलं."

भवानीबाई भाच्याकडं वळल्या.

"गिरी, पासपोर्ट आण. मी काहीच बोलत नाही. त्याच्यावरचे शिक्के बोलतील."

गिरिधर जागचा उठला नाही. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात खाली घेतले आणि वडिलांकडं न पाहता बोलायला लागला.

"नोकरी गेली, अप्पा. कंपनीनं माणसं कमी केली. पास रद्द झाला, परत यावं लागलं. गेल्या वर्षीच्याही आधी. त्याच आठवड्यात अम्माचा आजार निघाला. म्हटलं, दुसरी नोकरी लागली की सांगूं. लागली नाही. श्रीपेरुंबुदूरला इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात शिफ्टला जातों. राहायला तिरुवल्लिकेणीत, एका मॅन्शनमध्ये, एकट्या पुरुषांच्या स्वस्त लॉजमध्ये. जुना नंबर व्हॉट्सॲपवर तसाच ठेवलाय."

"तिरुवल्लिकेणीत?" सहाना कुजबुजली. "इथल्या?"

"इथल्याच."

"पण महिन्याला पैसे येत होते की तुझे!" सत्यनारायणराव म्हणाले.

"तेच पाठवत होतों. सगळा पगार."

तो इतका का वाळला होता, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

"कुड्यांचं तुम्ही सगळ्यांना सांगून टाकलं होतं, अप्पा. गिरी आणेल म्हणून. मी ओव्हरटाइम केला, चिटफंड उचलायला बघितला. वाटलं, पूजेच्या आधी घेऊन डबीत ठेवीन. तोवर कुणी उघडणार नाही हे ठाऊक होतं. जमलं नाही. तुम्ही विचारलं, टॅक्स परत घेतलास ना? मी हो म्हटलं. हो म्हटलं की तुम्ही खूश होतां. इतके दिवस मी नुसतं हो म्हणतोंय."

"आणि इरा?" भवानीबाईंनी विचारलं.

"चोर म्हटलं की कुणीतरी बाहेरचा, एवढंच डोक्यात होतं. कुणाचं नाव नव्हतं."

"या घरात बाहेरचं माणूस एकच होतं, गिरी."

त्यानं इराकडं पाहिलं. "मला माफ करा" एवढंही त्याच्या तोंडून नीट बाहेर पडेना. इराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं मान हलवली, पण माफ केलं की नाही, ते त्यातून कळत नव्हतं.

सत्यनारायणराव तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. "पोरी, जयंती असती तर तिनं मज घराबाहेर काढलं असतं. खोली तुझी. हे घरही तुझं. मी चुकलों." त्यांचे जोडलेले हात इरानं घाईनं धरून खाली केले.

मग ते मुलाकडं वळले. ते चिडतील, असं सगळ्यांना वाटलं. भवानीबाईंनाही वाटलं. पण त्यांनी वेगळंच विचारलं, हळू आवाजात.

"त्या संध्याकाळी तू कुठून फोन केलास?"

भवानीबाईंनी डोळे मिटले. हा प्रश्न कुणीतरी विचारणार, याचीच त्यांना भीती होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं कळसा स्वतःच लपून बसला होता.

"बीचवरून," गिरिधर म्हणाला. "मॅन्शनच्या खोलीत आम्ही चौघं. रडायला जागा नव्हती. म्हणून मरीनावर आलों."

"मग घरी का नाही आलास? तासाभराची वाट."

"पहिल्या विमानानं निघतों म्हणालों होतों. लगेच आलों असतों तर कळलं असतं. मेट्रोनं विमानतळावर गेलों. रात्रभर बाहेर बसलों. सिंगापूरचं विमान उतरल्यावर माणसांच्या गर्दीत शिरलों. आत्या दाराकडं बघत होती, मी मागून आलों." त्यानं फोटोकडं पाहिलं. "मला वाटलं, सकाळपर्यंत अम्मा थांबेल."

"सुंडलवाला होता जवळ?"

"काय?"

"फोनवर बोलताना. सुंडलवाला ओरडत होता?"

गिरिधरला काही समजेना. "असेल. हो, होता. एक पोरगा डबा घेऊन सारखा मागं येत होता. पण तुम्हाला कसं...?"

सहाना हुंदके देत भिंतीशी बसली. इरानं तोंडाला ओढणी लावली. अम्माचं ते शेवटचं बोलणं गिरीला कुणी सांगितलंच नव्हतं. आधीच शेवटची भेट चुकलेल्या पोराला आणखी कशाला जाळायचं, म्हणून सगळ्यांनी ते पोटात ठेवलं होतं.

"तिनं ती हाक ऐकली," सत्यनारायणराव म्हणाले. "फोन ठेवल्यावर ती म्हणाली, गिरी बीचवर उभा आहे, जेवलेला नाही, त्याला घरी आणा. तीनदा म्हणाली. आम्ही म्हटलं, भ्रमात बोलते आहे. भ्रमात नव्हती रे. ती रात्रभर दाराकडं बघत होती. आम्हाला वाटलं, विमानाची वाट पाहते आहे. ती बीचवरून येणाऱ्याची वाट पाहत होती."

गिरिधरच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून अर्चनामामींनीही पदर तोंडात कोंबला. तो फोटोपुढं कोसळला आणि जमिनीवर डोकं टेकून "अम्मा, अम्मा" एवढंच म्हणत राहिला. भवानीबाई पुढं होऊ लागल्या, पण भावानं त्यांना हातानं थांबवलं. त्यांनी मुलाला रडू दिलं. बराच वेळ रडू दिलं.

मग सत्यनारायणराव गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले. त्यांनी मुलाला दंडाला धरून उठवलं, धोतराच्या सोग्यानं त्याचं तोंड पुसलं आणि फोटोपुढच्या पानासमोर बसवलं.

"अप्पा, हे अम्माचं पान आहे."

"तिचंच आहे. तू जेवलेला नाहीस, असं तिनं सांगून ठेवलंय." ते बहिणीकडं पाहत म्हणाले, "भवानी, वाढ."

भवानीबाईंनी भाताचं भांडं उचललं. पाणी इतकं आलं होतं की पान कुठं आहे ते त्यांना नीट दिसत नव्हतं. इरानं मागून येऊन त्यांचा हात धरला आणि दोघींनी मिळून त्याला पहिला भात वाढला.